कार्डाची मागची बाजू

"आठ दिवस द्या मला. एकतीस वर्षं जे डोक्यात साठलंय ते सगळं तुमच्या या डब्यात उतरवून देते," असं सूचीबाई भर सभेत म्हणाल्या आणि तिथंच चुकल्या. आठ दिवस म्हणजे किती, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं. एकतीस वर्षं त्या लोकांना आठ दिवसांच्या बोलीवरच पुस्तकं देत होत्या, आणि आठव्या दिवशी पुस्तक परत आल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

सूचीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वाचनालयात काउंटरच्या डाव्या हाताला एक लाकडी कपाट होतं, अठ्ठेचाळीस खणांचं. प्रत्येक खणात पुस्तकांची कार्डं, पितळी सळईत ओवलेली. ती सगळी कार्डं बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली होती. अक्षर इतकं सुबक की काही लोक पुस्तक न घेता नुसती कार्डं वाचून घरी जायचे. त्यावरून कुणीतरी सूचीबाई म्हणायला लागलं आणि पुढे त्यांच्या नवऱ्यालाही लोक सूचीबाईंचे यजमान म्हणायला लागले.

आता कपाटाचं काम करायला कॉम्प्युटर आला होता आणि बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. प्रश्न काउंटरचा होता. अध्यक्षांनी सभेत सरळच सांगितलं होतं, "पुढच्या शनिवारी सगळ्या सभासदांसमोर यंत्राची परीक्षा घेऊ. लोकांना हवं ते पुस्तक यंत्रानं काढून दिलं तर काउंटर बंद. नाही जमलं तर काउंटर चालू, आणि बाईंना दोन वर्षांची मुदतवाढ."

कुणीही शहाणी बाई असती तर गप्प बसली असती. सूचीबाईंना मुदतवाढ हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण अध्यक्ष पुढे म्हणाले, "अर्थात, बाईंच्या डोक्यातलं यंत्रात मावायचं नाही म्हणा. त्याला जरा शिस्त लागते." शिस्त हा शब्द ऐकला आणि बाईंचं डोकं फिरलं. स्वतःची खुर्ची स्वतःच्या हातानं उचलून देण्याचं आव्हान त्यांनी तिथल्या तिथं घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं कपाळाला हात लावला. हा गृहस्थ आयुष्यभर बस डेपोत वेळ लिहिण्याच्या कामावर होता. बायको निवृत्त होणार म्हणून त्यानं तिचं वेळापत्रक आधीच तयार करून भिंतीवर लावलं होतं. सहा दहाला फिरायला, सात पाचला परत, दुपारी दोन ते चार कपाट आवरणे, रोज एक कप्पा.

"अगं, यंत्र नापास झालं असतं तर तुला दोन वर्षं मिळाली असती ना?"

"मग? मुद्दाम वाईट काम करू? माझ्या हातून?"

"थोडंसं वाईट करायचं."

"तुम्ही कधी बस मुद्दाम उशिरा सोडलीत का?"

तो वेळापत्रकात पाच मिनिटांची दुरुस्ती करायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संगणकवाले आले. पस्तिशीचे, सदा घाईत, कानाला फोन. त्यांनी पडद्यावर तीन रकाने दाखवले. "हे बघा मॅडम, सोपं आहे. पहिल्या रकान्यात लोक जो शब्द टाइप करतील तो. दुसऱ्यात, तो शब्द आला की यादीत सगळ्यात वर कुठलं पुस्तक दिसायला हवं ते. शब्द पडला की पुस्तक वर. याला ट्रिगर म्हणतात."

"आणि तिसरा?"

"टीप. त्या पुस्तकाबद्दल दोन ओळी." तेवढ्यात फोन वाजला आणि ते बोलत बोलत जिना उतरून गेले. ती टीप कोण वाचणार हे सांगायचं राहून गेलं.

आता इथं थोडं थांबून तुम्हाला कार्डाची गोष्ट सांगायला हवी. कार्डाची पुढची बाजू वाचकांची. तिथं पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक, सगळं शाईनं. मागची बाजू मात्र काउंटरची. तिथं सूचीबाई फिकट पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या, म्हणजे त्या रजेवर असल्या तर बदलीवर येणाऱ्या माणसाची पंचाईत होऊ नये. हे पुस्तक कोण मागतं, कुठल्या शब्दांत मागतं, त्याला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही. कारण नाव घेऊन पुस्तक मागणारा वाचक लाखात एक. बाकीचे "ते हिरवं द्या", "मागच्या वेळेसारखंच पण वेगळं", "काहीतरी द्या हो, मन रमेल असं", एवढंच म्हणतात आणि काउंटरवर कोपर टेकून उभे राहतात. एकतीस वर्षांत एकाही वाचकानं कार्ड उलटून पाहिलं नव्हतं. मागची बाजू आपली, हे बाईंच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की टीप म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी एकेक सळई काढली, कार्डं टेबलावर पसरली आणि मागची बाजू तिसऱ्या रकान्यात उतरवायला घेतली.

ते आठ दिवस फार सुखाचे गेले. प्रत्येक कार्ड हातात घेतलं की एक माणूस समोर येऊन उभा राहायचा. टोपी काढून आत येणारा, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालणारा, पुस्तक भिजलं म्हणून ते उन्हात वाळवून, पानं चिकटू नयेत म्हणून मधे शर्टाच्या गुंड्या घालून परत आणणारा. कितीतरी जण आता नव्हते. त्यांचं काय करायचं, असा प्रश्न बाईंना पडला. मेलेला माणूस काही पुस्तक मागायला येणार नाही. पण त्याचं कार्ड बाजूला ठेवायला हात धजेना. त्यांनी सगळ्यांना यंत्रात घेतलं. मधूनच त्या एकट्या हसायच्या, मधूनच चष्मा पुसायच्या, आणि पंखा बंद करायला आलेला शिपाई काही न विचारता परत जायचा.

शुक्रवारी संध्याकाळी संगणकवाल्यांनी बाग, शिवणकाम आणि हवामान असे तीन शब्द टाकून पाहिले. या तिन्ही पुस्तकांची कार्डं मागून कोरी होती. सगळं ठीक चाललंय असं म्हणून ते फोनवर बोलत गेले.

शनिवारी वाचनकक्ष भरून गेला. भिंतीवर मोठा पांढरा पडदा, त्यावर कॉम्प्युटरचं चित्र. पहिल्या रांगेत मधोमध अध्यक्ष. हे पूर्वी पाणीपुरवठा खात्यात अभियंते होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या पाणीपुरवठ्यावर सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. तो वाचनालयातून सतत कुणी ना कुणी नेतं, याचा त्यांना फार अभिमान होता. दर सोमवारी येऊन ते ग्रंथाच्या शेवटच्या पानावरच्या तारखा मोजायचे.

संगणकवाल्यांनी "बाग" टाइप केलं. फुलझाडांचं पुस्तक वर आलं. टाळ्या पडल्या. एक टाळी म्हणजे मुदतवाढीचा एक महिना कमी, असा सूचीबाईंचा हिशेब चालला होता.

"आता सभासदांनी शब्द सांगावेत," अध्यक्ष म्हणाले.

टपालवाले आजोबा उठले. जन्मभर पत्रं वाटून पाय झिजलेले, आता काठी टेकत रोज येणारे. "प्रवास टाका."

पडद्यावर एका होडीच्या सफरीचं पुस्तक आलं आणि खाली, हातभर अक्षरांत, टीप:

"टपालवाले आजोबा. हे त्यांनी सतरा वेळा नेलं आहे. दर वेळी नवीन म्हणून नेतात. सांगू नये. परत आणल्यावर कसं होतं ते विचारावं. शेवट दर वेळी वेगळा सांगतात, आणि पुस्तकातल्यापेक्षा चांगला असतो."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा कक्ष हसायला लागला. आजोबा मात्र पडद्याकडे बघत राहिले. "सतरा?" ते म्हणाले. "तरीच तो नावाडी मला ओळखीचा वाटायचा."

सूचीबाई संगणकवाल्यांच्या कानाशी लागल्या. "अहो, मागची बाजू पुढे कशी आली?"

"कुठली मागची बाजू?"

"मी मागे लिहिलं होतं ते."

"कॉम्प्युटरला मागची बाजू नसते, मॅडम. मागे नुसत्या वायरी असतात."

"मग ते बंद करा ना."

"तो बदल ऑफिसातून करावा लागतो. फोन करतो," असं म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. नेमका त्या एका दिवशी तो लागेना.

इकडे लोकांना चव लागली होती. शिंपीणबाई ओरडली, "माझं बघा, खून टाका, खून!" कुणीतरी कळफलक ओढून घेतला. रहस्यकथा वर आली. खाली लिहिलं होतं, "शिंपीणबाई शेवटचं पान आधी वाचतात आणि मग नवऱ्याला खुनी कोण ते सांगून त्याची मजा घालवतात. नवऱ्यानं हात जोडून विनंती केली आहे. शेवटची दोन पानं टाचणीनं बंद करून द्यावीत."

शिंपीणबाईनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा शेजारच्या माणसाची चप्पल निरखून बघायला लागला.

"गणित टाका, आमच्या ह्यांचा विषय," मास्तरीणबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांचे यजमान म्हणजे गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रस्त्यात दिसले की मोठमोठी माणसं खिशातून हात बाहेर काढायची. मास्तर पुटपुटले, "कशाला उगाच, राहू दे." पण शब्द पडला होता. यादीत सगळ्यात वर गुलाबी मुखपृष्ठाची एक प्रेमकथा आली.

"मास्तरांसाठी. ते गणिताचं पुस्तक मागतात, त्यात हे घालून द्यावं. काउंटरवर मोठ्यानं नाव घेऊ नये. या लेखिकेचं नवीन आलं की आधी मास्तरांना. गणिताचं पुस्तक ते उघडत नाहीत, तरी दर खेपेला बदलून द्यावं, म्हणजे घरी संशय येत नाही."

"अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "परवा डोळ्यांतून पाणी येत होतं तुमच्या. तुम्ही म्हणालात, समीकरण सुटलं."

मास्तर म्हणाले, "सुटलं होतं. शेवटी लग्न झालं त्यांचं."

हसून हसून लोकांच्या खुर्च्या करकरायला लागल्या. अध्यक्षांनी टेबल वाजवलं, शांतता राखा म्हणाले, कुणी ऐकेना. तेवढ्यात औषधवाला उभा राहिला. हा दुकानात झोपेच्या गोळ्या देण्याऐवजी लोकांना वाचनालयात पाठवायचा, कारण तिथलं औषध त्याला माहीत होतं. "आता झोप टाका," तो गालातल्या गालात हसत म्हणाला.

सूचीबाईंना ते कार्ड शब्दन् शब्द पाठ होतं. त्या धावल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई खुर्च्यांच्या दोन रांगा ओलांडून कशी गेली हे अजूनही कुणाला सांगता येत नाही. भिंतीजवळ पोचून त्यांनी हाताला आलं ते पहिलं बटण दाबलं. कक्षातले सगळे दिवे गेले. पडदा मात्र चालूच राहिला, आणि अंधारात अगदी मागच्या रांगेलासुद्धा अक्षरं लख्ख दिसायला लागली.

"अध्यक्षांचा पाणीपुरवठ्यावरचा ग्रंथ. निद्रानाशावर रामबाण. आजवर चाळीस जणांना दिला, चाळिसांनाही लागू पडला. पान नऊच्या पुढे कुणी गेलेलं नाही. अध्यक्षांनी विचारल्यास अभ्यासूंची मागणी आहे असं सांगावं."

बाईंनी दिवे लावले. अध्यक्ष ताठ बसले होते. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही, काहीच नाही. या सगळ्या गोंधळात बाईंना पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. दर सोमवारी तारखा मोजताना त्या माणसाची बोटं किती हळू फिरायची, ते त्यांनीच तर पाहिलं होतं.

आणि तेवढ्यात कळफलकापाशी सिस्टर जाऊन उभी राहिली.

ही दवाखान्यातली सिस्टर. कमी बोलणारी, ड्यूटीवर जाता जाता येणारी. तिची आई इस्त्रीवाली, तिला जाऊन चार वर्षं झाली होती. "माझी आई इथं येऊन समुद्राचं पुस्तक मागायची," सिस्टर म्हणाली, "तिचं काही आहे का बघते."

"नको," सूचीबाई म्हणाल्या. "अगं, ते राहू दे."

पण नर्सचे हात चपळ. शब्द पडला आणि समुद्रातल्या जिवांचं एक चित्रांचं पुस्तक वर आलं.

"इस्त्रीवाल्या मावशींसाठी दर गुरुवारी राखून ठेवावं. त्यांना वाचता येत नाही. हे कुणाला कळू देऊ नये, मुलीला तर नाहीच. परत आणतील तेव्हा गोष्टीत पुढे काय झालं ते विचारावं. सगळं ऐकून घ्यावं. घाई करू नये."

कक्षात कुणी हसलं नाही. खुर्च्यासुद्धा वाजल्या नाहीत. सूचीबाईंना वाटलं, आता मुदतवाढ गेली खड्ड्यात. ज्या बाईनं आपल्यावर एवढा एकच विश्वास टाकला होता, तिचं गुपित आपण भिंतीवर लावलं. त्या सिस्टरजवळ गेल्या. "माझं चुकलं गं. मी तिला शब्द दिला होता. काउंटरवर हात ठेवून दिला होता."

सिस्टर पडद्याकडेच बघत होती. "ती रोज वाचून दाखवायची मला," ती म्हणाली. "बोट ठेवून ठेवून. एक म्हातारं कासव होतं, ते हरवलेल्या पोरांना पाठीवर बसवून घरी सोडायचं. आई गेल्यावर मी हे पुस्तक विकत आणलं. तीनदा चाळलं. कासव होतं, पोरं कुठंच नव्हती. मला वाटलं, जुन्या आवृत्तीत असतील."

"आवृत्ती तीच आहे."

"मग ती पोरं?"

"ती तिची. सगळी तिचीच. दर गुरुवारी मला सांगून बघायची, जमतंय का म्हणून. त्या कासवाला एकदा दमा झाला होता ना, तो माझ्या आग्रहामुळे बरा केला तिनं."

सिस्टर रडली, आणि रडता रडता हसलीही. सूचीबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. टपालवाल्या आजोबांनी काठीवर हनुवटी टेकली. सिस्टर म्हणाली, "ही टीप पुसणार असाल तर आधी मला लिहून द्या. तुमच्या अक्षरात." बाईंनी तिथंच कागद घेतला आणि लिहून दिली.

मग संगणकवाल्यांचा फोन लागला. दोन मिनिटांत पडद्यावरच्या टिपा गेल्या आणि नुसती पुस्तकांची नावं उरली. अध्यक्ष उठून घसा खाकरत म्हणाले, "तर यंत्रानं पुस्तकं बरोबर काढून दिली, हे मान्य करायला हवं. परीक्षा पास झाली. आता काउंटरचा निर्णय."

सूचीबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आपण केलेलं काम आपल्याला भोवलं, त्यात तक्रार कुणाकडे करणार?

तेव्हा गणिताचे मास्तर उभे राहिले. "माझा ठराव आहे. काउंटर चालू ठेवावा आणि बाईंना दोन वर्षांची मुदतवाढ द्यावी."

बाईंनी धरलेली खुर्ची सोडली. "मास्तर, एवढं सगळं झाल्यावरसुद्धा तुम्ही..."

"आधी कारण ऐका," मास्तर वर्गात बोलावं तसं बोलले. "ही फक्त पाच कार्डं झाली. कपाटात खण अठ्ठेचाळीस आहेत. यंत्रातलं पुसलं, बाईंच्या डोक्यातलं कोण पुसणार? आजवर त्या इथं कामात होत्या म्हणून निभावलं. उद्या घरी रिकाम्या बसल्या, संध्याकाळी चार बायकांत गेल्या, कुणी सहज विषय काढला, तर?"

कक्षातला प्रत्येक जण आपापलं कार्ड आठवायला लागला.

"अनुमोदन," शिंपीणबाईचा नवरा म्हणाला. त्याला सभेत बोलताना त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

हात वर झाले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. ते कुठली पुस्तकं न्यायचे हे बाईंना ठाऊक होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्यात उंच हात अध्यक्षांचा होता.

"एकमतानं मंजूर," ते म्हणाले. "बाई, इतिवृत्तात लिहून घ्या."

इतिवृत्ताची वही नेहमी सूचीबाईच लिहायच्या. त्यांनी पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "लोकाग्रहास्तव, असं लिहा."

संध्याकाळी नवऱ्यानं ठरावाची प्रत दोनदा वाचली. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "लोकाग्रहास्तव! एवढा जीव आहे लोकांचा तुझ्यावर?"

"फार," सूचीबाई म्हणाल्या. "मला घरी सोडायला तयारच नाहीत."